साळ्याचा गळा

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं ओरडली असतील, म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणात, निवडणुकीत, शंकरपटाच्या शर्यतीत बैलांच्या मागे आणि नागझिऱ्याच्या वाटेवर वाघ दिसल्यावर, ती सगळी तराजूच्या एका पारड्यात घाला आणि दुसऱ्यात एकटा आमचा साळा ठेवा. साळ्याचं पारडं जमिनीला टेकेल. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी माल तोलून विकणारा माणूस आहे, वजन आहे तेवढंच सांगतो. सानगडीच्या तलावावरून डोक्यावर टोपली घेऊन मी मासे विकायला सुरुवात केली, आणि आज साकोलीच्या बाजारात मासळीचा हर्रास, म्हणजे लिलाव, माझ्या तोंडून सुटल्याशिवाय कोणी मासोळीला हात लावत नाही. माझं जे काही आहे ते या गळ्यावर उभं आहे. म्हणून दुसऱ्याचा गळा मला दुरून ओळखता येतो, आणि चांगला गळा कोणी उधळताना दिसला की माझं डोकं फिरतं. साळ्यानं माझं डोकं इतकी वर्षं फिरवलं आहे की आता ते सरळ असलं तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

सासरे वारले तेव्हा हा नुकता मिसरूड फुटलेला होता. सासूबाई मला म्हणाल्या, "जवाईबापू, याले मार्गाले लावा." मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे झालेला सौदा. पोराला बाजारात आणलं. एके सकाळी मला ताप होता, उभं राहवेना, म्हणून त्याला म्हटलं, "आज तू बोल." तो मासळीच्या ओट्यावर चढला, छाती भरून श्वास घेतला आणि "आलाऽऽ रोहू!" म्हणून अशी आरोळी ठोकली की भाजीबाजारातली गिऱ्हाइकं हातातली वांगी टाकून आमच्याकडे आली. गळ्यात माळ घालणारी, जन्मात मासा न शिवलेली एक म्हातारी हात वर करून रोहू घेऊन गेली आणि घरी पोचल्यावर सुनेच्या शिव्या खाऊन परत द्यायला आली. मी अर्थातच परत घेतला नाही. ताप विसरून मी त्याच क्षणी ठरवलं की माझ्यानंतर हा ओटा याचा. फक्त हा गळा टिकला पाहिजे. ओटा काय, सिमेंटचा आहे, तो राहील. गळा मांसाचा असतो.

पण बायको म्हणाली, आधी त्याला शिकू द्या. नागपूरला कॉलेजात घातला. तिथं कोणी त्याला काय खाऊ घातलं देव जाणे, दिवाळीला परत आला तो अर्धं डोकं तुळतुळीत आणि अर्ध्या डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा. आमच्याकडे डोकं काढतात ते घरात कोणी गेल्यावर. बायकोनं दारातच हंबरडा फोडला. शेजारीण धावत आली, याच्याकडे नीट पाहून म्हणाली, "अर्धंच काहून काढलं गा? जीव अटकून हाये का अजून कोनाचा?" साळा शांतपणे म्हणाला, "काकू, हे पंक हाये." काकू म्हणाली, "कोन्या गावचा होता बिचारा?"

पंक म्हणजे काय, हे मी रीतसर विचारलं. न पाहिलेल्या मालाला मी नाव ठेवत नाही. तो म्हणाला, "भाऊजी, ज्याले गाता येत नाही त्यानं जीव तोडून गावं, त्याले पंक म्हनतात."

"आन् आयकनाऱ्याचं काय?"

"त्यानंही जीव तोडून आयकावं जी."

"मंग सुरात गानारे कोठी जाईन?"

"ते रेडिओवर हायेतच ना."

असा हा युक्तिवाद! ज्याला सुरात गाता येत नाही त्यानं गाऊ नये, हर्रास बोलावा, एवढी साधी गोष्ट. पण नाही. भंडाऱ्याच्या एका विणकराचा पोरगा, मागाच्या खटखटीत वाढलेला, तो ड्रम वाजवायला मिळाला. शहापूरचा एक गिटारवाला मिळाला, त्याला तीन सूर येत आणि चौथ्याची त्याला गरजही वाटत नसे. बँडचं नाव ठेवलं 'सांडवा'. तलाव भरून वाहायला लागला की जादा पाणी जिथून सुटतं तो सांडवा. नाव चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. पण सांडव्यातून वाहून जातं ते पाणी कोणाच्याच शेताला लागत नाही, हे तलावाच्या काठी जन्मलेल्या पोराला मी सांगायला पाहिजे होतं काय?

सराव करायला यांना जागा कोण देणार? गावातून हाकललं, शाळेतून हाकललं, देवळाच्या मागून तर दगड मारून हाकललं. शेवटी माझाच बर्फखाना सापडला. मासे भरायच्या थर्माकोलच्या पेट्या यांनी भिंतीला छतापर्यंत रचल्या, म्हणे आवाज बाहेर जात नाही. आवाज जात नव्हता हे खरं, पण पेट्यांचा वास यांच्या अंगात शिरला. पुढं हे नागपूरला गेले की पहिल्या रांगेतली माणसं नाक दाबून आणि दुसऱ्या रांगेतली कान दाबून उभी राहत. साळा त्यालाही प्रतिसाद म्हणायचा. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे तासभर ओरडून झालं की हा माझ्याच लादीचा बर्फ फोडून, पाण्यात टाकून घटाघटा प्यायचा. मी तिळपापड व्हायचो. "अबे, गळा हाये का नाली हाये? ओरडाचं त पोटातून ओरड, मानेतून नोको ओरडू! शिरा पाह्य कश्या फुगल्या तुह्या!" तो म्हणायचा, "पोटातून ओरडलं त ते गानं होते ना जी."

पहिला कार्यक्रम मी मिळवून दिला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, होते. मंडईच्या मंडळाशी घासाघीस करून मी दंडारीच्या आधीची वेळ काढली, कारण माझ्या ओळखीशिवाय याला कोणी गोठ्यातही उभं केलं नसतं. भर दुपारी तिघं मांडवात उभे राहिले. 'शिंगाडा' नावाचं गाणं झालं, त्यात शिंगाडा टोचतो एवढीच ओळ होती, पण ती त्यानं अशी म्हटली की टोचला. मग 'एसटी थांबत नाही' झालं. लोक चटईवर मांडी घालून, शेंगा खात, अगदी शांत बसलेले. एकही उठला नाही. साळा घामानं न्हालेला, आनंदानं वेडा होऊन माझ्याकडे आला. "भाऊजी, पाह्यलं ना? एकही मानूस उठला नाही!" तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्याला हात करून बोलावलं आणि प्रेमानं विचारलं, "बाबू, माइक लागला ना आता बरोबर? मंग चालू करा ना तुमची दंडार!" गाव अर्धा तास माइकची चाचणी ऐकत बसलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साळ्यानं मात्र आजोबांच्या पाया पडून त्यांनाच पुढचं गाणं म्हणायला लावलं, आणि ते आजोबा, खोटं कशाला बोलू, याच्यापेक्षा बरे ओरडले.

त्यानंतर मीच त्यांचा मॅनेजर झालो. कोणी केलं नाही, झालो. अशा गोष्टीत विचारत बसलं की माल नासतो. लग्नाची कामं आणली, एका उमेदवाराच्या प्रचाराचं आणलं, धानाच्या खताच्या जाहिरातीचं आणलं. प्रत्येक ठिकाणी समोरच्याला असा पिळून काढला की तो उठताना टेबलाला धरून उठला. आणि हा प्रत्येक वेळी येऊन एकच वाक्य बोलणार : "आमी स्वतंत्र आहो जी." स्वतंत्र म्हणजे काय, तर एसटीच्या टपावर ड्रम बांधायचा, कंडक्टरचे बोल खायचे, परक्या गावात कोणाच्या तरी गच्चीवर झोपायचं आणि वीस पोरांपुढं जीव तोडून ओरडून यायचं. मी म्हटलं, असं स्वातंत्र्य आमच्या गावातल्या कुत्र्यालाही आहे. त्यावर या तिघांनी बैठक घेतली. माझ्या बर्फखान्यात, माझ्या खुर्चीवर बसून, मी मागवलेला चहा पिऊन, त्यांनी मला मॅनेजर पदावरून काढलं. वर साळा म्हणतो, "भाऊजी, मन छोटं नोका करू. घरचे म्हनून तुमी हाच." घरचा! ज्याच्या शब्दाशिवाय बाजारात तराजू हलत नाही तो माणूस घरचा म्हणून ठेवला!

तरी पुण्याला यांचा मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा मी गेलो. बायको म्हणाली, पोरगा एवढ्या दूर चालला, घरचं कोणी तरी असावं. मी सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा. पोरं उड्या मारत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती, मी खिसा धरून होतो. शेवटी साळा म्हणाला, आता नवीन गाणं, 'हर्रास'. त्यानं मांडीवर थाप मारली, एक पाय आपटला, भाव बोलण्याआधी एक क्षण थांबून ओठ चाटले आणि सुटला. मी खिशावरचा हात काढला. थाप माझी, पाय माझा, थांबणं माझं, ओठ चाटणं माझं. टोपली डोक्यावर होती तेव्हापासून कमावलेली माझी बोली हा पुण्याला पंक म्हणून विकत होता! आणि विकून विकून काय विकलं? जिवंत मरळ, आमच्या बाजारातली सगळ्यात महाग मासोळी, रोहूच्या भावात! चोरी मी गिळली असती. तो भाव माझ्या घशाखाली उतरेना. मी मागून ओरडलो, "अबे थांब! मरळ रोहूच्या भावात देते का बे? जित्ती हाये ते, जित्ती!"

ड्रम थांबला, पोरं मागे वळून पाहायला लागली. दुसरा कोणी असता तर शरमेनं खाली बसला असता. यानं माइक तोंडाला लावला : "कोन हाये जी मागं? घ्याचं हाये का नुसतं बोलाचं हाये?"

"घेनारा नाही, विकनारा हाये मी! भाव उतरव पाहू एकदा, मंग सांगतो!"

"मंग तुमीच चढवा!"

मी चढवला. तो उतरवायचा, मी चढवायचो; ड्रमवाला प्रत्येक बोलीला ठोका द्यायचा; पोरांनी मला उचलून पुढं नेलं आणि सगळा हॉल "मरळ! मरळ!" म्हणून घुमायला लागला. मरळ योग्य भावाला गेल्याशिवाय मी खाली उतरलो नाही. माझ्या मते तो रीतसर सौदा होता. त्यांच्या मते ते बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं, माझ्या शिव्यांसकट इंटरनेटवर गेलं, आणि एका पेपरवाल्यानं साळ्याला विचारलं की ही गाण्याची तऱ्हा आली कुठून. साळ्यानं काय सांगावं? "तलावातून." तलावातून! तलाव काय बोलतो? तलावात गाळ असतो! त्या पेपरचा तो तुकडा पाहून मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. म्हणजे ओरडायचो, पण बोलत नव्हतो.

आणि त्याच दिवसांत त्याचा गळा बसायला लागला. आज पुणे, उद्या नागपूर, परवा आणखी कुठं, आणि वरून माझा बर्फ. मी सांगत होतो, बायको सांगत होती, सासूबाई हळद-दूध घेऊन मागे फिरत होत्या. शेवटी नागपुरातच, गाणं अर्ध्यावर असताना, आवाज तुटला. ड्रमवाला सांगतो, तोंड उघडं होतं, शिरा फुगलेल्या होत्या, आणि बाहेर काहीच येत नव्हतं. पोरांना वाटलं गाण्यातलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाले. मी त्या डॉक्टरांशीही घासाघीस केली. म्हटलं, गाठी काढा, पण आवाज आहे तेवढा परत द्या, त्यात कमी-जास्त चालणार नाही. ते म्हणाले, बोलता येईल, ओरडता येईल असं सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं एकच भाव सांगितला आणि मी तो घेतला.

शस्त्रक्रिया झाली, तोंड बंद ठेवायची ताकीद मिळाली. बँड कोणी मोडला नाही, भांडण झालं नाही. जसा उन्हाळ्यात सांडवा थांबतो तसा तो थांबला. ड्रमवाल्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, गिटारवाला लग्न होऊन संसाराला लागला. साळ्याचे केस सरळ वाढले. आता तो रोज माझ्याबरोबर बाजारात येतो, माल निवडतो, तराजू धरतो. आवाज परत आला आहे, पण तो असा मऊ, खरखरीत, पातळ, की पलीकडच्या ओट्यावर पोचत नाही. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला : "जवाईबापू, शब्द पाळला तुमी. पोरगं मार्गाले लागलं." बाजारातले लोक म्हणतात, किती नम्र झाला तुमचा साळा, कसा 'हो जी, या जी' करतो! मला ऐकवत नाही. नम्र झालेला नाही तो, त्याचा गळा गेला आहे, आणि या लोकांना त्यातला फरक कळत नाही! मागच्या आठवड्यात गोंदियाचा एक व्यापारी माझ्यासमोर त्याच्याकडून कटला माशाचा भाव पाडून गेला आणि हा म्हणतो, "बरं, न्या जी." मी त्या व्यापाऱ्याला रस्त्यापर्यंत सोडून आलो, आणि कसा सोडून आलो ते अजून तिकडच्या बाजारात सांगतात.

परत आलो तर बाजार उठला होता. साळा ओट्यावर पाणी मारून खराट्यानं खवलं लोटत होता. माझा राग अजून उतरला नव्हता. धापा टाकत मी त्याच्या शेजारी टेकलो आणि म्हटलं, "एकदा ओरड ना बे. कोनीच नाही इथं. कसंबी ओरड, मानेतून ओरड. पन एकदा ओरड."

त्यानं खराटा बाजूला ठेवला. मला वाटलं, आता छाती भरणार. तो माझ्याजवळ बसला आणि त्या पातळ आवाजात म्हणाला, "कायले ओरडू जी? तुमी त इथंच आहा, जवळ."