टेसी मॅटलॅक आणि विजेतीची खुर्ची

माझी नणंद टेसी जेवायला बसायची नाही. जेवायची भरपूर, पण उभ्यानं. हातात ताटली घेऊन खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या. मॅटलॅकांच्या घरी मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच दुपारी हे बघितलं आणि धसकले. नवऱ्याला, एमसला, हळूच विचारलं, "हिला माझा राग आलाय का?"

"टेसीला? छे! ती अशीच आहे," तो म्हणाला. "पाळण्यातसुद्धा पडून राहायची नाही. आई म्हणायची, ही पोर झोपेतही कुठंतरी निघालेली असते."

आणि जन्माला आली कुठं, तर आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांत! रविवारी सकाळी आमचं बैठकघर भरतं. तिथं पाद्री नाही, गाणं नाही, बाजा नाही. लाकडी बाकांवर सगळ्यांनी गप्प बसायचं. आतून कुणाला काही सांगावंसं वाटलंच तर त्यानं उठून सांगावं, नाहीतर सगळ्यांनी माश्यांची गुणगुण ऐकावी. माझे सासरे जोशुआ समोर ज्येष्ठांच्या बाकावर असायचे. टेसीचं बाक कुरकुरायला लागलं की ते डोळे न उघडता कपाळाला आठी घालायचे. टेसी या नावाचा लॅटिनमधला अर्थच मुळी 'गप्प राहा' असा आहे. आईबापांनी नाव ठेवताना काय ते मनात धरलं असेल.

लॉन टेनिसचं खूळ त्या सुमाराला फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदी ओलांडून आमच्या न्यू जर्सीच्या काठाला लागलं होतं. एमसनं वासरांच्या कुरणात जाळं बांधलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि बहिणीला खेळायला बोलावलं. चार दिवसांत त्याची पाठ धरली. तो खेळेना म्हटल्यावर टेसी कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारत बसली. बसली कसली, मारत उभी राहिली. ठप्प, ठप्प, ठप्प. दुपारभर. मी लोणी घुसळताना माझे हात त्या तालावर चालायला लागले, आणि चिडून मी घुसळणं सोडून दिलं.

तिचा खेळ देखणा नव्हता. तेव्हा बायका कंबर आवळून, हॅट केसांना टाचून खेळायच्या. जवळ आलेला चेंडू डौलानं परतवायचा आणि लांब गेलेल्याला 'वा!' म्हणून सोडून द्यायचं, अशी रीत. टेसीला सोडणं माहीतच नव्हतं. आमच्या पंथाचा तो साधा करडा झगा, त्यात कंबरपट्टा नाही की झालर नाही. त्यात ती अशी धावायची की समोरची बाई चेंडूऐवजी तिच्याकडेच बघत राहायची. चेंडू परत यायचा. पुन्हा मारला, पुन्हा यायचा. शेवटी समोरचीचा धीर सुटायचा.

ती देशाच्या स्पर्धेला जाणार असं ठरलं, तेव्हा जोशुआंनी तिला ओसरीवर बोलावलं.

"टेसी, जिंकायची हौस म्हणजे अहंकाराची धाकटी बहीण."

"मला जिंकायचं नाहीये, बाबा. मला थांबायचं नाहीये."

"धावायचंच आहे ना? पीच तोडायला माणसं कमी पडताहेत."

"ते करतेच की," ती म्हणाली. खरंच करत होती. कामगार एक टोपली भरायचे तोवर तिच्या दोन व्हायच्या. जोशुआंनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते आत निघून गेले. आमच्या घरात यालाच परवानगी म्हणायचे.

स्पर्धा नदीपलीकडच्या एका बड्या क्लबात होती. तिच्यासोबत मी गेले, कारण एकट्या मुलीला पाठवणं बरं दिसलं नसतं. आठवडाभर रोज सामना. टेसी दर दिवसागणिक अधिक धारदार होत गेली, दगडावर घासलेल्या कोयत्यासारखी. शनिवारी तिची गाठ पडली ती आदल्या वर्षीच्या विजेतीशी, न्यूयॉर्कच्या मिसेस रेन्सलरशी. नियम असा होता की विजेतीनं आठवडाभर खेळायचंच नाही. बाकीच्या सगळ्या एकमेकींशी भिडणार, त्यातून जी उरेल तिनं शेवटी विजेतीला आव्हान द्यायचं. तोवर विजेती सावलीत, वेताच्या खुर्चीत, लिंबाचं सरबत पीत. मिसेस रेन्सलर बाई फार चांगली खेळली, पण पाचांतल्या चौथ्या सेटमध्ये तिनं लांबचा एक चेंडू जाताना बघितला आणि पाय उचलला नाही. तिथंच सगळं संपलं.

चांदीचा कप घेऊन आम्ही घरी आलो. जोशुआ म्हणाले, "चांदी आपल्या घरात शोभत नाही." मग मी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले.

पुढच्या वर्षी त्या खुर्चीत टेसीला बसणं भाग होतं.

तो आठवडा मला दिवसागणिक आठवतो. सोमवारी ती बसली. मंगळवारी खुर्चीच्या कडेवर आली. बुधवारी बघते तर खुर्ची रिकामी! मी शोधत फिरले, तर बाईसाहेब मागच्या मैदानावर. गवतावर रूळ ओढणारा घोडा असतो ना, खुरांची खूण उमटू नये म्हणून पायात चामड्याचे बूट घातलेला, त्याचा लगाम धरून टेसी त्याला इकडून तिकडे फिरवत होती. माळी बाजूला पाइप ओढत उभा.

क्लबचा चिटणीस साइक्स घाम पुसत आला. "मिस मॅटलॅक! आपण कृपा करून खुर्चीत बसावं. लोक आपल्याला बघायला आलेत."

तोंडावर बोलताना आमच्यात कुणालाच अहो-जाहो नसतं, मग तो सासरा असो की न्यायाधीश. टेसी म्हणाली, "साइक्स, तू सांग, बसलेली बाई बघायला कोण तिकीट काढतं?"

त्या 'तू'नं बिचारा लालबुंद झाला. तरी तो दुष्ट नव्हता. "विजेतीचा मान असतो तो," एवढंच म्हणाला.

मानानं तिचं रक्त आटवलं. गुरुवारपासून घास गिळेना. डोळे सारखे मैदानावर. दुसऱ्या मुलीचा चेंडू उडाला की हिचा खांदा हलायचा. शनिवारी समोर आली वीस वर्षांची मिस क्रू. पाच सामने जिंकून आलेली, घामानं चमकणारी. पहिले दोन सेट टेसीला जणू पायच नव्हते. तिसरा घेतला. चौथा गेला, सामनाही गेला.

परतीच्या बोटीवर ती म्हणाली, "मला तिसऱ्या सेटला जाग आली, फीबी."

मग पुढच्या वर्षी काय झालं असेल? ती साधी खेळाडू म्हणून उतरली, आठवडाभर धावली आणि शनिवारी मिस क्रूला खुर्चीतून उठवून हरवलं. गावात सगळे खूश. फक्त टेसीचा चेहरा उतरलेला. "आता पुन्हा बसायचं," ती म्हणाली. वर्षभर तिनं तोच घोर लावून घेतला. चिमट्यांचा कप दिसला तरी मान फिरवायची.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती क्लबात गेली. मी होतेच. व्हरांड्यात साइक्स आणि समितीची चार माणसं चहा घेत होती.

"मला सोमवारपासून खेळू दे," टेसी म्हणाली. "जोड्या लावताना सगळ्यांसारखी माझीही चिठ्ठी टाक."

"तसं करता येत नाही, मिस मॅटलॅक. राणी काही दरवाजावर रांगेत उभी राहत नाही."

"मग मला राणी करू नकोस."

"नियम आहे. आपण विजेत्या आहात."

"आणि नसेन तर?"

साइक्सनं कप खाली ठेवला. "पद सोडलंत तर यंदा खेळणाऱ्यांत आपलं नावच लागणार नाही. तोही नियमच आहे. नीट विचार करा."

विचार करणं हे टेसीच्या दृष्टीनं बसण्यासारखंच होतं. "सोडलं," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. मी मागून झगा सावरत धावले.

घरी एमस भडकला. "लोक या पदासाठी जीव टाकतात आणि तू ते रस्त्यात टाकून आलीस? मूर्ख कुठली!"

जोशुआ मात्र कधी नव्हे ते हसले. "लेकीनं अहंकार सोडला."

"अहंकार नाही सोडला, बाबा," टेसी म्हणाली. "खुर्ची सोडली."

मला वाटलं, सुटली बिचारी. तिलाही तसंच वाटलं असावं. पण स्पर्धा सुरू झाली आणि तिचं जे काही झालं ते खुर्चीपेक्षा वाईट होतं. आता कुणाचा सामना असेल, कोण कुठं चुकत असेल, याच्यापलीकडे तिला काही सुचेना. भिंतीवर चेंडू मारायला गेली, चार फटक्यांत रॅकेट टाकून आली. पाव मळायला घेतला, तसाच ठेवला. शनिवारी सकाळी डोक्याला टोपी बांधून निघाली. मी विचारलं, "कुठं?" तोवर ती फाटकाबाहेर पोचली होती. मीही निघाले.

आमच्या काठावरच्या कॅम्डनच्या धक्क्यावर आम्ही फिलाडेल्फियाची बोट पकडली. पलीकडे पोचलो, सगळे उतरले, टेसी कठड्याला धरून उभी. बोट परत निघाली. इकडे आली, तरी उतरेना. पुन्हा पलीकडे. धूर, चिखलाच्या पाण्याचा वास, घंटा, पुन्हा धूर. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, कधी बोटीच्या दिशेनं, कधी उलट.

"टेसी, माझे पाय गेले गं," मी म्हटलं.

ती थांबली. "मला वाटलं होतं, खुर्चीत आहे ते. खुर्ची सोडली की जाईल. पण ते खुर्चीत नव्हतंच, फीबी. मग आता मी काय सोडू?"

मी तिच्या टोपीची सुटलेली नाडी बांधून दिली. ती पुन्हा चालायला लागली.

त्याच बोटीवर एलवूड हेन्स होता. आमच्याच पंथाचा, रोपवाटिकेवाला, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. कुंड्यांच्या खोक्यांमध्ये तो आरामात बसला होता. फेऱ्या मारणाऱ्या टेसीला म्हणाला, "तुला उतरायचं नाही वाटतं?"

"नाही."

"मग त्या खोक्याला लाथ मारू नकोस. गुलाब आहेत."

तो उतरून बाजारात गेला. संध्याकाळी रिकामी खोकी घेऊन परत चढला, तर आम्ही तिथंच.

"अजून?" त्यानं विचारलं.

"अजून."

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेले, वर मीठ लावलेले पिळाचे पाव, प्रेट्झेल, काढले आणि एक तिला, एक मला दिला. टेसीनं चालता चालता खाल्ला. तो खोक्यांत बसून तिच्या फेऱ्या बघत राहिला. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस हिला चालेल.

पण ते इतक्या सहज घडलं नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा खेळली आणि तिसऱ्याच सामन्यात एका शाळकरी मुलीकडून हरली. त्यानंतर आणखी काही वर्षं जात राहिली. कधी दोन सामने जिंकायची, कधी एक. मग गुडघा सुजायला लागला. एलवूड दर रविवारी बैठकीनंतर तिच्याबरोबर रस्त्यानं चालायचा आणि दर सहा महिन्यांनी लग्नाचं विचारायचा. ती म्हणायची, "माझ्याबरोबर तुला घर कसलं मिळणार?" तो म्हणायचा, "मला बसायला आवडतं. घरात एकानं बसलं की पुरतं."

शेवटी हो म्हणाली ती एका अटीवर, इथं राहायचं नाही. एलवूडनं रोपवाटिका विकली आणि कलमांच्या पेंढ्या ओल्या गोणपाटात बांधून ते देशाच्या पार पश्चिम टोकाला, ओरेगनला गेले, नासपतीच्या बागा लावायला. जोशुआंनी तिला निरोप देताना नुसता तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

एमस गेल्यावर मी एका वसंतात तिच्याकडे गेले. आगगाडीत बसून बसून माझंही अंग आंबलं होतं. पन्नाशी ओलांडलेली टेसी स्टेशनवर लंगडत आली आणि माझी पेटी तिनंच उचलली. तेवढ्या वर्षांत त्यांनी तीनदा घर बदललं होतं. फळं खोक्यांत भरणाऱ्या कारखान्याच्या मागं तिनं टेनिससाठी खडीचं मैदान करून घेतलं होतं आणि कामावरून सुटलेल्या पोरींना ती तिथं पळवायची.

"सोडलास का तो चेंडू? का सोडलास?" ती ओरडायची. "तुझा नव्हता म्हणे! अगं, गेल्याशिवाय कसं कळलं तुला?"

पोरी तिच्या पाठीमागं तिची नक्कल करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

एलवूडला मी विचारलं, "सुखी आहे का रे ही?"

तो दारात बसून चाकूला धार लावत होता. म्हणाला, "ते तिला विचारशील तर ती चिडेल. मला विचारशील तर, मी आहे."

मी तिलाच विचारलं, शेवटल्या दिवशी. ती भांडी पुसत खिडकीशी जात-येत होती. "सकाळी उठते तेव्हा वाटतं, आज काहीतरी राहून जाणार," ती म्हणाली. "रात्री वाटतं, राहिलंच. पण मधला दिवस चांगला जातो, फीबी." मग बाहेर आभाळाकडे बघून म्हणाली, "वारा पडलाय. थंडी उतरणार."

पहाटे खरंच थंडी उतरली. नासपती ऐन फुलोऱ्यात होत्या. मला पोचवायला शेजाऱ्याची गाडी आली, कारण घरातले दोघंही बागेत होते, फुलं गारठून करपू नयेत म्हणून झाडांच्या ओळींमधून तेलाच्या शेगड्या पेटवत. माझी आगगाडी निघाली तेव्हा उजाडत होतं. सगळ्या खोऱ्यावर काळा धूर पसरला होता, आणि त्यातून मशाल घेऊन कुणीतरी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत लंगडत, घाईघाईनं जात होतं. ती टेसीच होती की दुसरं कुणी, ते एवढ्या लांबून सांगता आलं नाही.

त्या वर्षी त्यांची निम्मी फुलं वाचली.