बल्ब माझ्या खिशात होता

मी मेकॅनिक माणूस. इंजिनात आवाज आला तर त्याला कारण असतंच, आणि सापडलं नाही तर मेकॅनिक कच्चा, असं माझं साधं मत. कोकणात जन्मूनही देवचार, चकवा या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. अजूनही मी भूत पाहिलं असं म्हणत नाहीये... पण जे पाहिलं ते भर दुपारी, हातभर अंतरावरून पाहिलं. आता वय झालंय, म्हणून लिहून टाकतो.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या रस्त्यावर माझं छोटं गॅरेज होतं. तिथे इब्राहिमचाचांची मोटार यायची. चाचा आधी बोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होते. बोट सोडल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी डिझेल मोटार आणली आणि भाड्यानं चालवायला लागले. तेव्हा आमच्याकडे डिझेलची मोटार म्हणजे अप्रूपच, लोक नुसता आवाज ऐकायला थांबायचे.

त्या मोटारीचा ऑइल प्रेशरचा, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब कमी झाला की लागणारा, लाल दिवा अधूनमधून लागायचा. दिवा लागला की चाचा गाडी जिथे असेल तिथे थांबवणार, खाली उतरणार आणि इंजिनाला तळहात लावून बघणार. बोटीवरची सवय! मागे बसलेले पॅसेंजर वैतागून जायचे.

मी सगळं तपासलं. तेल मोजायच्या काडीवर तेल बरोबर. इंजिनाला दिव्याचा स्विच असतो, तो काढून त्या जागी प्रेशरचं मीटर लावलं, तर काटा झकास वर. म्हणजे इंजिन ठणठणीत, स्विच खराब. चाचांना तसं सांगितलं, पण दिवा दिसला की ते थांबणारच. नवा मुंबईहून यायचा होता. तोवर चाचांचं हे थांबणं कोण सहन करणार? मी गपचूप डॅशबोर्डच्या मागे हात घातला, दिव्याचा बल्ब काढला, कागदात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला. चाचांना म्हटलं, "झालं काम." सगळेच मेकॅनिक असं करतात हो... निदान मी तरी करायचो.

त्याच वेळी जुनं तेल काढून त्यात कुठे धातूचा कीस येतोय का, तेही बघत होतो. काही नव्हतं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा प्लग हातानं फिरवून बसवला, नवं तेल ओतलं, आणि तेवढ्यात चाचा धावत आले.

"वसंता, चल! झुबेदाच्या कळा सुरू झाल्यात. सुईण बोलते मूल आडवा हाय, मोठ्या इस्पितळात न्या."

झुबेदा त्यांची एकुलती एक मुलगी, बाळंतपणाला मालगुंडकडच्या आजोळी गेलेली. तिथून निरोप आला होता. वाटेत गाडी अडली तर हाताशी माणूस हवा म्हणून चाचांनी मला बरोबर घेतलं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, निवळीवरून लांबचा फेरा. पोचलो, तिला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं तिच्या मामीच्या मांडीवर. मामीनं बाळंतिणीच्या मालिशीसाठी खोबरेल तेलाचा गॅलनभराचा डबाही गाडीत टाकला. उलटे फिरलो.

चाफे गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना रान, चिटपाखरू नाही. झुबेदाचं कण्हणं मधेच थांबायचं आणि मी मागे वळून बघायचो.

आणि समोर लाल दिवा लागला.

चाचा म्हणाले, "तुझा दिवा लागला बघ."

माझा हात आपोआप खिशावर गेला. कागदाची पुडी हाताला लागली. आत काच, पितळ... बल्ब तिथेच. समोर दिवा जळतोय! ऊन काचेवर पडलं असेल म्हणून मी दिव्यावर तळवा धरला, तर तळव्याला लाल उजेड.

मामी मागून म्हणाली, "ता लाल काय पेटलाय?"

चाचा एकदा मुलीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "काय करू रे? तू बोललास स्विच खराब हाय. जाऊ तसाच?"

बल्ब जागेवर असता ना, तर मीच म्हणालो असतो, चला चाचा, खोटा दिवा आहे तो. पण मी ओरडलो, "थांबा! बंद करा गाडी!" किल्ली फिरवताच दिवा विझला.

गाडीखाली गेलो. प्लग शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता आणि सगळं तेल रस्त्यावर. काडी कोरडी. आणखी मैलभर गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, आणि त्या रानात आम्ही झुबेदाला घेऊन बसलो असतो. प्लग मी पान्यानं आवळलाच नव्हता. चाचा हाक मारत आले आणि मी तसाच उठलो होतो.

पान्यानं प्लग आवळला. पण तेल? चाचांनी खोबरेलाचा डबा उचलला.

"चाचा, खोबरेल?"

"बोटीवर ह्याच्यापरीस वायट तेल चालवलाय मी. ओत!"

ओतलं. गाडी सावकाश, तळणाचा वास सोडत रत्नागिरीत आली. झुबेदाला मुलगी झाली, दोघी वाचल्या. इस्पितळाच्या आवारात मी डॅशबोर्डच्या मागे हात घातला. बल्बची जागा रिकामी होती.

नंतर त्याच वळणावर, त्याच वेळेला, त्याच उन्हात गाडी नेऊन बघितली. वायर तपासली. काही नाही. बाकीच्यांना तर यात नवल वाटायचं कारणच नव्हतं. त्यांच्या लेखी गाडीला दिवा होता आणि तो लागला.

चाचा पुढे जगले तोवर चारचौघांत सांगायचे, "रस्त्याच्या दगडांनी प्लग सैल झाला होता, पण आमच्या वसंतानं बरोबर वळखला, पोरीचा जीव वाचवला." दर ईदला त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा यायचा. मी मान खाली घालून घ्यायचो. बल्बचं सांगायचं तर प्लगचंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती झाली नाही. झुबेदाची ती मुलगी आज मला मामा म्हणते, तिलाही हे ठाऊक नाही.

त्या रिकाम्या जागेत उजेड कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त मला कुणी देवमाणूस म्हणू नका. त्या दिवशी झुबेदाला मारायला मीच निघालो होतो.