घोडेस्वाराची कड

नाण्यांची किंमत ठरवणाऱ्या काकांना सगळे भिंगकाका म्हणत. दुकान एवढंसं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं दारातच उभं राहायचं; पण नाव मोठं. डच चांदीचं नाणं हातात आलं की इतर पारखी आधी राजाचा चेहरा बघत, काका आधी कड बघत. ही युक्ती आपण कशी शोधली, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की समोरच्या चहावाल्यालाही ते तोंडपाठ होतं.

त्या सकाळी त्यांच्या वारलेल्या मित्राची मुलगी डबा घेऊन आली. बाबांची नाणी विकायची होती.

"काका, हातचं राखू नका. खरी किंमत सांगा."

डब्यातले अठरा गिल्डर, म्हणजे डच चांदीची नाणी, झटपट पारखून झाले. झिजलेले सहा चांदीच्या भावात जाणार, बाकीच्यांना शौकीन बरे पैसे देतील. तळाशी घोडेस्वाराचं मोठं, जुनं नाणं होतं आणि सोबत काकांच्याच तरुणपणच्या अक्षरातली चिठ्ठी: 'अस्सल. दुर्मीळ.'

काकांनी कड फिरवली आणि भिंग आणखी जवळ नेलं. कडेभर साच्याची बारीक रेघ. ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ नसते. हे ओतलेलं होतं. काट्यावर तीन ग्रॅम कमीच भरलं. 'असू दे, आठवण म्हणून ठेव' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती, चिठ्ठीही गुपचूप खिशात गेली असती. चाळीस वर्षांचं नाव होतं.

"हे खोटं आहे, बाळ," ते म्हणाले. "आणि अस्सल म्हणणारा गाढव मीच."

"बाबांना माहीत होतं. त्याच वर्षी परगावच्या एका पारख्यानं सांगितलं."

"मग मला बोलला का नाही?"

"तुमचं दुकान नवीन होतं ना. बोलले होते म्हणे, पण एवढंच, की कड आधी बघत जा."

काकांना आठवलं. मित्र चहा पिताना म्हणाला होता खरा, आणि 'आता तू मला शिकवणार?' म्हणून त्यांनी त्याला उडवून लावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र कड बघू लागले आणि ती अक्कल आपलीच म्हणून जन्मभर मिरवली. त्यांना स्वतःची लाज वाटली. मित्राच्या आठवणीनं डोळे भरून आले.

त्यांनी चिठ्ठीवरचे दोन्ही शब्द खोडले, खाली 'खोटं. चूक माझी' असं लिहून तारीख घातली आणि ती काउंटरच्या काचेखाली, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशी सरकवली.

"काका, लोक काय म्हणतील?"

"विचारतील, मग कड बघायला शिकवलं कुणी? सांगेन की."