पहिल्या पाण्याची सही

शहाद्याहून खापरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. एक कागद मांडीवर सपाट करायचा, वाचायचा, पुन्हा घडी घालायचा. पोरीचं लग्न ठरलंय, म्हणाला. दोन्ही घरं ख्रिस्तीच, तरी अडलंय.

"मग अडचण कसली?" मी विचारलं. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच, हे माझं ज्ञान. आमच्या घरात गणपती दीड दिवसाचा की पाच, यावरून दोन चुली झाल्या, हे मी सोयीनं विसरलो.

त्यानं समजावलं. पोरीला तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिलेला. मुलाकडच्या चर्चला तो चालत नाही. मोठेपणी नदीत बुडी मारूनच घ्यायचा. शिवाय पहिला बाप्तिस्मा खोटा होता, असं बापानं त्यांच्या या कागदावर सही करून लिहून द्यायचं.

"पोरगी खुशाल बुडी मारी," तो म्हणाला. "पन मन्ही माय तिना अंगमा ताप व्हता तरी तिले खांदावर त्या बाप्तिस्माले लई गयी व्हती, डोंगर उतरीसन. ते खोटं कसं लिखू, भाऊ?"

"आणि लग्न मोडलं तर?"

"मोडाले नको म्हनीसन तं त्यासनाकडे स्वतः जाई ऱ्हायनू."

खापरला तो सहीची जागा कोरी ठेवलेला कागद खिशात घालून उतरला. मी असतो तर शहाद्यालाच सही केली असती, आणि घरी जाऊन त्याला समजूतदारपणा म्हटलं असतं.