पेंग्विनने मामांना घालवलं तेव्हा

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं, बाकी सगळ्या जगाला तो पेंग्विन. बुटका, पोट पुढे, काळं जाकीट, आत पांढरा शर्ट. वर्षानुवर्षं लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम केल्यामुळे चालही डुलत डुलत. पण नाव पडलं ते चालीवरून नव्हे. कॉम्प्युटरवर चालणारी जी एक ऑपरेटिंग सिस्टीम पेंग्विनचं चित्र मिरवते ना, तिचा हा कट्टर भक्त. चाल नंतर जुळली, किंवा भक्तीने जुळवून घेतली म्हणा.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात माणसं. माणसांची त्याने तीन खाती पाडली होती: खिडकीवाले, सफरचंदवाले आणि शहाणे. शहाण्यांच्या खात्यात बराच काळ तो एकटाच होता. कोणाच्या इमारतीत लिफ्ट अडकली, की हा ती सोडवायचा आणि खाली उतरता उतरता विचारायचा, "घरी कॉम्प्युटर कुठला वापरता?" लोक मग जिन्याने जायला लागले, असं खालच्या मजल्यावरची शेजारीण सांगते. तिचं निम्मं सोडून द्या, पण निम्मं खरं असतं.

शनिवारी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सभा भरायची. एका बाजूला मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. हा हिशेबनीस आणि पक्का खिडकीवाला. दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण, सफरचंदवाली. तिचा दवाखाना पांढरा, चपला पांढऱ्या आणि कॉम्प्युटर तर तिच्या रुग्णांच्या दातांपेक्षा पांढरा.

"भावोजी," मेहुणा सुरुवात करायचा, "तुमच्या पेंग्विनला प्रिंटर जोडताना तुमचा अख्खा रविवार गेला होता. माझ्याकडे काय, वायर खोचली की कागद बाहेर."

"आणि तुमची खिडकी ऐन कामात म्हणते, थांबा, मी जरा सुधारून येते! अहो, माझी सासू एवढ्या वर्षांत इतकी सुधारली नाही."

"आईला मध्ये आणायचं काम नाही!"

"तुम्ही बसा पाने-पकडी घेऊन," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "मी झाकण उघडते, काम करते, झाकण मिटते."

"झाकण उघडता बाई, पण पोट उघडून बघायची तुम्हाला परवानगी आहे का? दात तुमचा आणि पकड भलत्याच्या हातात!"

पलीकडच्या खोलीतून बायकोचा आवाज यायचा, "भांडा, पण दार लावून भांडा. मामा काय म्हणतायत ते ऐकू येत नाहीये."

आता या मामांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांच्यावरून या घराची बरीच बदनामी झाली आहे.

पेंग्विनच्या बायकोची दृष्टी कॉलेजात असतानाच गेली. काम तिचं टायपिंगचं. हॉस्पिटलचे डॉक्टर तपासण्या आणि ऑपरेशनं बोलून ठेवतात, ती ते कानाला लावून ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. पायाखाली एक पेडल. ते दाबलं की रेकॉर्डिंग चालू होतं, सोडलं की थांबतं. आणि तिचा कॉम्प्युटर पडद्यावर जे असेल ते तिला मोठ्याने वाचून दाखवतो. तो आवाज म्हणजे मामा. पुरुषी, नाकातला, भावनेचा लवलेश नसलेला. भरीला तिने त्यांचा वेग इतका वाढवलेला, की बाहेरच्याला फक्त तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज यायचा. तिला त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

खालच्या शेजारणीने एकदा जिन्यात पेंग्विनला गाठून हळूच सांगितलं होतं, "तुम्ही कामावर गेलात की घरात कोण्या पुरुषाचा आवाज येतो हो. फार घाईत असतो बिचारा." पेंग्विनने ते हसून घरी सांगितलं खरं, पण त्यालाही मामा थोडे खुपायचेच. एकतर ते खिडकीवर राहायचे. दुसरं म्हणजे, बायको दिवसभर ऐकायची ती त्यांचं.

एकदा ती सहज म्हणाली, "हल्ली हा कॉम्प्युटर दमतो हो. चालू व्हायला फार वेळ घेतो."

झालं! पेंग्विनला वाटलं, एवढ्या वर्षांच्या तपश्चर्येला फळ आलं. पुढच्याच आठवड्यात ती आईकडे दोन दिवस राहायला गेली आणि याने तिचा कॉम्प्युटर पुसून त्यावर पेंग्विन बसवला. निष्काळजीपणे नाही बरं का. तिचा एकेक रिपोर्ट आधी उतरवून घेतला. बोलणारा आवाज हवा हेही तो विसरला नाही. वेगवेगळे आवाज ऐकून त्याने एक गोड बाई निवडली, सावकाश बोलणारी. सगळं संपल्यावर दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पडद्यावर दोघांचा डोंगरावरचा जुना फोटोही लावला. असली चूक फक्त भक्तच करू शकतो. परका माणूस निदान घाबरून विचारतो तरी.

रविवारी दुपारी ती आली, टेबलाशी बसली, बटण दाबलं. हा मागे हात बांधून उभा, गालातल्या गालात हसत. कॉम्प्युटर क्षणात चालू झाला. आवाज आला, "सुस्वागतम."

"ही कोण बाई?"

"नवीन आहे. मामांपेक्षा गोड बोलते की नाही?"

"मामा कुठायत?"

"अगं, मामांची आता गरज नाही. बघ तरी, कसा पळतो!"

तिने पेडल दाबलं. काही नाही. बोटं सवयीच्या कळांवर गेली. त्या कळांनी भलतंच काही उघडलं आणि गोड बाई सावकाश त्याची वर्णनं करू लागली. बायकोने इतक्या वर्षांत मामांना शेकडो खुणा शिकवल्या होत्या. दोन अक्षरं मारली की ओळभर लांबीचं आजाराचं नाव उमटायचं. डॉक्टरांची अवघड आडनावं कशी म्हणायची तेही त्यांना पाठ होतं. हे काही रिपोर्टात नव्हतं, ते मामांच्या पोटात होतं. आणि मामांचं पोट पेंग्विनने स्वच्छ धुऊन काढलं होतं.

ती थांबली. मग आजवर त्या टेबलाशी कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, "अहो, आत्ता पडद्यावर काय आहे?"

"आपला डोंगरावरचा फोटो," तो उत्साहाने म्हणाला. आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "लिफ्ट बंद करायच्या आधी तुम्ही काय ओरडता?"

"आत कोणी आहे का, म्हणून."

"रोज ओरडता ना? प्रत्येक मजल्यावर?"

"रोज."

"उद्या सकाळी मला कामाला बसायचंय. आज जमत नाही, असं मी हॉस्पिटलवाल्यांना कधी कळवलेलं नाही. एकदा कळवलं ना, की ते फार समजूतदारपणे म्हणतील, बरोबर आहे, बाईंना अवघड जात असेल. मग तो समजूतदारपणा संपायचा नाही." ती उठली. "या खोलीत मला कोणाला काही विचारावं लागत नव्हतं हो. एवढी एकच जागा होती."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पेंग्विनने बराच वेळ बसून स्वतःच्याच सिस्टीमशी झटापट केली. पेडल हूं की चूं करेना. शेवटी त्याने जाकीट चढवलं. अडला हरी म्हणतात ना, तो कोणाचे पाय धरायला निघाला हे आपण मेहुण्याला सांगायचं नाही.

मेहुणा घरी आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. "या या भावोजी, आज रविवारी? पेंग्विनला सुट्टी वाटतं?"

पेंग्विनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टोमण्यांसाठी तो मान खाली घालून तयारच होता. पण मेहुण्याने इस्त्री बाजूला ठेवली.

"छोटीचा कॉम्प्युटर? तिला विचारलं होतंत?"

"तिला चकित करायचं होतं."

"केलंत," मेहुणा म्हणाला आणि कपाटाकडे गेला. शर्टांच्या घडीखालून त्याने हार्ड डिस्कची एक डबी काढली. "सुरुवातीला तो मीच लावून दिला होता ना. तेव्हापासून अधूनमधून त्याची अख्खी नक्कल काढून ठेवतो. मामांसकट."

पेंग्विनचा जीव भांड्यात पडला. मग मात्र त्याच्यातला वकील जागा झाला. "पण नक्कल कशाला काढत होतात?"

"काढायला नको? खिडकीचा काय भरवसा हो! कधी काय..." मेहुणा एकदम थांबला. कान लाल झाले. "हे शनिवारी बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"डॉक्टरीणबाईंसमोर तर नाहीच."

"म्हटलं ना, नाही!"

संध्याकाळ व्हायच्या आत दोघे बायकोच्या टेबलाशी होते. जुनं परत आणायचं तर आधी नवं पुसायला हवं. पडद्यावर प्रश्न आला: सगळं काढून टाकायचं?

"मी दाबू का?" मेहुण्याने हळूच विचारलं. शोकसभेत विचारावं तसं.

"नको, मीच दाबतो." पण कळेवर बोट ठेवून तो थांबला आणि दाराकडे वळून म्हणाला, "अगं, आता पुसतोय. पुसू का?"

"पुसा," ती म्हणाली.

मामा परत आले. नाकातल्या आवाजात काहीतरी तडतडले. बायको खुर्चीत बसली, तिने वेग वाढवला आणि तिचे खांदे खाली आले. ती दोन-दोन अक्षरं मारत गेली, मामा लांबलचक नावं म्हणत गेले. मध्येच एका नावाला ते अडखळले. मग दुसऱ्याला.

"नक्कल कधीची आहे, दादा?"

"गेल्याच्या गेल्या वर्षातली," मेहुणा ओशाळून म्हणाला. "मध्ये राहून गेलं."

"म्हणजे मामा म्हातारे नाही झालेले. उलट तरुण होऊन आलेत, मधलं सगळं विसरून." ती हसली, पण ते शिकवणं तिलाच परत करायचं होतं.

"मी मदत करू?" पेंग्विनने विचारलं.

"करा. पण माउसला हात लावायचा नाही."

तो शेजारी स्टुलावर बसला. ती रिपोर्ट ऐकायची, मामा चुकले की थांबायची, तो पडद्यावरून त्या शब्दाची अक्षरं सांगायचा, ती मामांना शिकवायची. अशी काही नावं झाल्यावर तिने त्याच्या हातावर थोपटलं. "बास. बाकीचं मी बघते."

सोमवारी तिने काम दिलं. नेहमीपेक्षा उशिरा, पण दिलं. जमत नाही, असं कळवावं लागलं नाही.

पेंग्विनचं मन मात्र स्वस्थ बसेना. एके दिवशी त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, माउस खणात टाकला आणि नुसत्या आवाजावर काम करून पाहिलं. आत शिरायच्या दारातच, पासवर्डापाशी, अडकला. त्याने पेंग्विनभक्तांच्या गटावर सविस्तर लिहिलं, की आपल्या घरात हे हे अडतं, जरा लक्ष घाला. उत्तरं भराभर आली. एकाने लिहिलं, तुम्हाला वापरता येत नसेल. दुसऱ्याने लिहिलं, हा खिडकीवाल्यांचा हेर दिसतो. पेंग्विनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उत्तर लिहायला बसला तेव्हा बायको मागून म्हणाली, "पेडलचं पण लिहा. आणि शिव्या काढा त्यातल्या, कामाचं कोणी वाचणार नाही." त्याने पेडलचं लिहिलं. शिव्या थोड्या ठेवल्या.

पुढच्या शनिवारी सभा भरली. डॉक्टरीणबाईंनी नवीन पांढरा कॉम्प्युटर घेतला होता, त्याचं कौतुक चाललं होतं. मेहुणा त्याला नावं ठेवत होता आणि मध्येमध्ये पेंग्विनकडे जपून बघत होता. पेंग्विनच्या जिभेवर त्या डबीची गोष्ट अगदी टोकापर्यंत आली, पण गिळली त्याने. पेंग्विन अजूनही सगळ्यांत चांगला, हे मत तसूभरही बदललं नव्हतं आणि त्याच्याकडे नवे मुद्दे तयार होते. सुरुवात करणार, तेवढ्यात पलीकडून तव्यावरच्या थेंबांसारखी तडतड ऐकू आली.

"एक मिनिट," तो म्हणाला, उठला आणि मधलं दार लावून आला. मग बाही सरसावून बसला. "हं, बाई. आता तुमचं ते झाकण."