सोनोग्राफीतलं लांबट डोकं

शेवंतीबाईंच्या हातांबद्दल असल्फ्याच्या वस्तीत कोणी वावगा शब्द काढत नसे. तोंडाबद्दल मात्र सगळेच बोलत.

सासऱ्यांची गिरणी गेली, नवऱ्याचं कुठे धड बस्तान बसेना, तेव्हा या मालवणच्या बाईने बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम धरलं. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, टाळू भरायची आणि तळहाताने डोकं हळूहळू गोल करत आणायचं. घाटकोपरच्या बड्या सोसायट्यांमधूनही त्यांना बोलावणी येत. आताचे डॉक्टर म्हणतात, डोकं आपोआपच गोल होतं, त्यात हाताचा काही वाटा नसतो. असेलही. पण हे शेवंतीबाईंना तोंडावर सांगायची छाती कोणाची?

त्यांचा मुलगा सौरभ एका मोबाईल कंपनीत लागला आणि त्याने ऋताशी लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलं. ऋता मुलुंडची, बँकेत नोकरीला, बोलणं हळू. तिला एक मोठा भाऊ होता, देवदत्त. वयाने पस्तिशीचा, पण बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोराएवढीच राहिलेली. ऋता त्याच्याबद्दल कधी बोलत नसे आणि कोणी विचारलेलं तिला खपत नसे. शेवंतीबाईंना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला त्यांना स्वतःलाही कधी जमलं नाही.

ऋताला दिवस गेले. सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरने मुकाट्याने मापं घेतली आणि रिपोर्टात लिहिलं, डोक्याची रुंदी महिन्यांच्या मानाने कमी. बाकी काय ते तुमच्या डॉक्टरीणबाई सांगतील, म्हणाला. त्यांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. ऋता सौरभला घेऊन रिक्षाने थेट असल्फ्याला आली. सासूसमोर बसली, पर्समधून तो काळा-पांढरा फोटो काढला आणि म्हणाली, "आई, तुम्ही एवढी बाळं बघितलीत. हे डोकं ठीक वाटतंय ना?"

शेवंतीबाईंनी चष्मा लावला. फोटोतलं डोकं खरंच लांबट होतं, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं. शेजारची मालन दारात उभी होती, सौरभ चपला काढत होता. शेवंतीबाई घाबरल्या. भीती वाटली की त्यांचं तोंड आधी सुटायचं.

"ह्या काय डोक्या? दुधीसारख्या. आमच्यात असला कोणाचा नाय." आणि मग, एवढ्यावरही न थांबता, "तुझ्या भावाचा पण असाच होता काय गे?"

ऋताने फोटो परत पर्समध्ये ठेवला. चहाला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. मूल डोकं वर करून बसलं होतं. तसं बसलेल्या बाळाचं डोकं वर दाबलं जातं आणि लांबट दिसतं. अशा वेळी नुसती रुंदी धरून चालत नाही, डोक्याचा घेर बघायचा, आणि घेर अगदी हवा तेवढा होता. आतला मेंदूही त्यांनी स्क्रीनवर दाखवला. सगळं व्यवस्थित. सौरभने फोन करून हे आईला कळवलं, आणि शेवंतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मग त्यांच्या एकदम लक्षात आलं. मूल पायाळू. पायाळू मुलं त्यांनी थोडी का न्हाऊ घातली होती? मालनचा धाकटाच पायाळू, तो असंच लांबुडकं डोकं घेऊन आला होता, आणि चार महिन्यांत गोल झाला. तेव्हा घाबरलेल्या मालनला त्यांनीच सांगितलं होतं, काळजी करू नको. जे शेजारणीला सांगितलं, ते सुनेला सांगायला काय झालं होतं? हातांना सगळं माहीत होतं, पण त्या दिवशी तोंडाने हातांना विचारलंच नाही. या विचाराने शेवंतीबाईंचा जीव कासावीस झाला. तरी माफी मागायची म्हणजे जीभ टाळ्याला चिकटायची. मूल झालं की आपण न्हाऊ घालू, सगळं निवेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सिझर होऊन मुलगी झाली. ऋता माहेरी गेली आणि तिथे न्हाऊ घालायला दुसरी बाई लागली. भांडण नाही, अबोला नाही. शेवंतीबाईंनी फोन केला की ऋता "मजेत आहोत आई" म्हणायची आणि सौरभ तिथे आलेला असला की फोन त्याच्याकडे द्यायची. गल्लीत बायका विचारायच्या, नातीचं डोकं कसं आहे? ज्या हातांनी अर्धा असल्फा न्हाऊ घातला, ते नातीच्या डोक्याला अजून लागलेच नव्हते.

बारशाला शेवंतीबाई मुलुंडला गेल्या. ऋताने स्वतः बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. सवयीने त्यांचा तळहात बाळाच्या डोक्याकडे गेला, आणि ऋताने पटकन आपला हात मध्ये घातला.

"डोकं नको, आई."

शेवंतीबाईंचे डोळे भरून आले. "चुकलंय गे मी," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "घाबरलंय म्हणान तसा बोललंय."

"मीही घाबरले होते," ऋता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मी माझ्या आईला काहीच सांगितलं नव्हतं. आधी तुमच्याकडे आले होते."