बाहेरचा झाला तो दिवस

जन्मभर कारखान्याच्या पगारावर ट्रक हाकणारा, सगळे ज्याला 'सुसाट' म्हणत तो ड्रायव्हर नोकरी सोडून आज त्याच कारखान्यात स्वतःचा ट्रक घेऊन आला होता, बाहेरचा कंत्राटदार म्हणून. पहिली खेप बिनबोभाट गेली तरच पुढचं कंत्राट मिळणार होतं. आनंदाने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेजारी बायको नटूनथटून बसलेली.

सवयीने त्याने बाहेरच्यांची रांग सोडली आणि थेट कंपनीच्या गाड्यांच्या फलाटाला ट्रक लावला. हमालांनीही सवयीनेच माल चढवला.

"ओ जावईबापू, रांग इकडं आहे!" रांगेतून आरडाओरडा झाला.

"अहो, आपण आता बाहेरचे ना?" बायको कुजबुजली.

सुसाटने जीभ चावली. मॅनेजर धावतच आला.

"साहेब, चुकलं. माल उतरवू?"

"आता उतरवत कुठं बसतोस? कंपनीची गाडी अजून पंक्चर काढतेय आणि तिकडं गिऱ्हाईक बोंबलतंय. नीघ! पण उद्यापासून रांगेत."

"म्हणजे उद्याही यायचं?"

"मग काय आमंत्रण धाडू?"

गेटबाहेर पडेपर्यंत दोघांनी कसंबसं हसू दाबलं. मग सुसाट असा खदखदून हसला, की ट्रक हेलकावे खायला लागला.

"अहो मालक," बायको किंचाळली, "रस्त्याकडं बघा!"